अंबडच्या शेडमधलं वाय-फाय

(दृश्य : अंबड औद्योगिक वसाहत, सकाळची पाळी. गेटवर कामगारांची रांग, हजेरीच्या मशीनवर एकेक बोट टेकतंय.)

नाशिकच्या अंबड आणि सातपूरमध्ये मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारी कितीतरी लहान युनिटं आहेत. कुणी गाड्यांचे प्रेस पार्ट काढतं, कुणी इलेक्ट्रिकल पॅनेल बांधतं. गेटवर शिस्त कडक असते. कोण आलं, कधी आलं, कुणाकडे आलं, सगळं रजिस्टरला चढतं.

(दृश्य : ऑफिसची भिंत. कॅलेंडरशेजारी चिकटवलेला कागद.)

आणि आत ऑफिसात हा कागद. वाय-फायचा पासवर्ड, स्केचपेननं ठळक लिहिलेला. कंपनीचं नाव, पुढे 123. तो कामगारांना माहीत आहे, टेम्पोवाल्याला माहीत आहे, ऑडिटला आलेल्या मुलालाही माहीत आहे. मागच्या वर्षी काम सोडून गेलेल्या स्टोअरकीपरच्या फोनमध्ये तो अजूनही सेव्ह आहे.

मालकांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" आहे, भरपूर आहे. त्याच नेटवर्कवर टॅलीचा संगणक आहे, कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर आहे आणि ग्राहकानं विश्वासानं पाठवलेली ड्रॉइंग आहेत. ती ड्रॉइंग तर आपली नाहीतच, ती ग्राहकाची ठेव आहे.

आपली लाइन दुसऱ्यानं वापरली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला. तपास नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरातल्या असुरक्षित वाय-फायचा वापर झाला होता.

(दृश्य : पत्र्याची शेड, वर क्रेनचा गर्डर. तंत्रज्ञ लॅपटॉप हातावर धरून चालतोय.)

वसाहतीच्या सुट्टीचा वार, शनिवार. मशीन बंद आहेत, म्हणून याच दिवशी वाय-फायच्या सिग्नलचं मोजमाप चाललंय. पत्रा आणि लोखंड सिग्नल परतवतात. प्रेसच्या मागे तो एकदम पडतो. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय सोडणारा डबा, कुठे लावायचा हे ऑफिसात बसून ठरत नाही, असं चालूनच ठरतं. तांब्याची नेटवर्क केबल 100 मीटरपुढे नेता येत नाही, तेही धरून चालावं लागतं. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : 1, 6 आणि 11. शेजारच्या युनिटांनी तेच धरलेले असतात, म्हणून ऑफिसची उपकरणं 5 गिगाहर्ट्झवर न्यायची. पॉवर पूर्ण ठेवायची नाही. सिग्नल गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोहोचून आपल्याला काय मिळणार?

आता सुरक्षेचं. वाय-फायला कुलूप लावायची 1997 सालची डब्ल्यूईपी पद्धत 2001 मध्येच फोडली गेली, तिचा विषयच संपला. 2004 ची डब्ल्यूपीए-2 आजही सगळीकडे चालते, आणि पासवर्ड लांबलचक असेल तर घरापुरती ठीक आहे. पण तिचं दुखणं नीट समजून घेतलं पाहिजे. फोन जोडला जाताना फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यात चार निरोप जातात. रस्त्यावर उभ्या माणसानं ते निरोप टिपले की तो घरी जाऊन निवांत अंदाज लावत बसू शकतो, लाखो शब्द, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कंपनीचं नाव आणि 123 हा अंदाज पहिल्या काही क्षणांतच लागतो. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-3 नं ही घरी बसून अंदाज लावण्याची वाट बंद केली. नवीन उपकरण घेताना तेच मागा.

नेटवर्कचं नाव लपवणं किंवा फोनचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) यादीत घालणं, यावर वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी हवेतून वाचता येतात. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिननं जोडायची सोय, मात्र बंद करा. त्याचा आठ आकडी पिन प्रत्यक्षात जेमतेम 11,000 प्रयत्नांत सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालं.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. पासवर्ड कितीही मोठा असला तरी तो सगळ्यांचा एकच आहे.

(दृश्य : संगणकाचा पडदा. नावांची यादी, प्रत्येकापुढे विभाग.)

यावरचा उपाय म्हणजे एंटरप्राइझ पद्धत, तांत्रिक नाव 802.1 एक्स. यात प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. ॲक्सेस पॉइंट गेटवरच्या वॉचमनसारखा : तो स्वतः कुणाला आत सोडत नाही, आत विचारतो. आत उत्तर देणाऱ्या यंत्रणेला रेडियस सर्व्हर म्हणतात. तो 'हो' म्हणतो, आणि या माणसाला कुठल्या कप्प्यात न्यायचं तेही सांगतो. या कप्प्याला व्हीलॅन म्हणतात. हिशेब विभाग एका व्हीलॅनमध्ये, शॉप फ्लोअर दुसऱ्यात, पाहुणे तिसऱ्यात, जिथून फक्त इंटरनेट दिसतं. फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर मोफत आहे; खर्च येतो तो ते नीट बसवणाऱ्या माणसाचा, आणि तो खर्च करावा.

इथे एक जागा हमखास चुकते. जोडताना फोन सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे तो खरा असल्याचा डिजिटल पुरावा, तपासायचं का विचारतो, आणि जुन्या अँड्रॉइड फोनवर घाईत 'तपासू नका' निवडलं जातं. मग कुणीही आपल्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करावं आणि फोननं तिथे आपली ओळख देऊन टाकावी. म्हणून हे सेटिंग प्रत्येक फोनवर आपल्या हातानं करून द्यायचं. कंपनीच्या लॅपटॉपवर तर पासवर्डऐवजी प्रमाणपत्रच बसवावं, म्हणजे चोरायला पासवर्डच उरत नाही.

हजेरीचं मशीन, कॅमेरे, बारकोडचे जुने स्कॅनर यांना बहुधा ही पद्धत जमत नाही. त्यांचा कप्पा वेगळा, पासवर्ड वेगळा, आणि गरज नसेल तर इंटरनेटही नाही.

नोंदी मात्र जपायच्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे या नोंदी (लॉग) 180 दिवस ठेवायच्या आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची. कुणाच्या नावानं काय झालं हेच माहीत नसेल तर त्या 6 तासांत कळवणार काय?

(दृश्य : सर्व्हरचं छोटं कपाट, खाली यूपीएस.)

रेडियस बंद पडला तर नवीन कुणीच जोडला जात नाही. म्हणून या युनिटनं सर्व्हर यूपीएसवर घेतलाय आणि दुसरा, जोडीचा सर्व्हर सातपूरच्या शाखेत ठेवलाय. आज दुपारी एका ऑपरेटरचा शेवटचा दिवस आहे. हिशेब करतानाच रेडियसच्या यादीत त्याच्या नावापुढची खूण काढली जाईल आणि त्याचा प्रवेश बंद होईल. बाकी कुणाच्या फोनला हात लावायची गरज नाही.