पाण्याची रेघ : लक्सर ते अबू सिंबेल

[दृश्य : लक्सर देवळाचं पहिलं अंगण. कॅमेरा फरशीवरून हळूहळू वर जातो.]

इजिप्तमध्ये लक्सरच्या देवळात, फेरो रामसेस दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून वर बघितलं की भिंतीत एक दरवाजा दिसतो. चांगला लाकडी दरवाजा आहे, पण त्याच्यासमोर पायरी नाही, ओटा नाही, काहीच नाही. खाली कित्येक मीटर मोकळी हवा. हा अबू हग्गाग मशिदीचा जुना दरवाजा. बांधणाऱ्यांचं काही चुकलेलं नव्हतं. त्यांनी मशीद बांधली तेव्हा जमीनच तेवढ्या उंचीवर होती आणि देऊळ खांबांच्या माथ्यापर्यंत तिच्या पोटात होतं.

नाईलला दरवर्षी पूर यायचा आणि गाळ टाकून ओसरायचा. शंभर वर्षांत साधारण दहा सेंटिमीटर. त्यावर कच्च्या विटांची घरं उठायची, पडायची, पुन्हा उठायची. गाव आपल्याच मातीवर चढत गेलं. 1885 पासून उत्खननवाल्यांनी ही माती उपसायला घेतली, देऊळ मोकळं झालं आणि मशिदीचं दार हवेत लटकलं. मशीद आजही चालू आहे. आत जायला दुसऱ्या बाजूनं वाट आहे.

नाईलकाठची देवळं बघायला निघालेला माणूस वर बघत राहतो, कारण सगळं उंच आहे. या प्रवासात एक उलटी सवय लावून घ्या. आधी खाली बघा. जमीन कुठं होती, पाणी कुठवर आलं, हे प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला चित्रलिपी यावी लागत नाही.

[दृश्य : नदी. उत्तरेच्या वाऱ्यावर शीड भरलेली फलूका, म्हणजे शिडाची होडी.]

दिशेचा घोळ आधीच मिटवू. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून दक्षिणेकडचा इजिप्त तो ‘वरचा’ इजिप्त. वारा मात्र बहुतेक दिवस उत्तरेकडून वाहतो. दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं, उत्तरेला यायचं तर शीड उतरवून प्रवाहावर सोडून द्यायचं. चित्रलिपीतही दक्षिणेच्या प्रवासाला शिडाची नाव काढतात आणि उत्तरेच्या प्रवासाला बिनशिडाची. लक्सरहून आस्वानला जाणाऱ्या क्रूझ बोटी बहुधा चार रात्री घेतात आणि उलट दिशेच्या तीन. त्यातला बराच वेळ धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत जातो, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

[दृश्य : कर्नाक. पहिल्या पायलॉनची मागची बाजू.]

कर्नाकच्या पहिल्या पायलॉनमधून, म्हणजे दाराच्या त्या दोन प्रचंड बुरुजांमधून, आत आलात की सगळे पुढे धावतात. तुम्ही मागे वळा. दक्षिणेकडच्या बुरुजाला आतून टेकलेला कच्च्या विटांचा एक ढिगारा दिसेल. इतर कुठल्याही भव्य वास्तूत तो राडारोडा ठरला असता. इथं तो पुरावा आहे. हा बुरूज कधी पुरा झालाच नाही, त्यामुळे दगड वर चढवायला रचलेला उतार काढायचा राहून गेला. मोठे दगड वर कसे नेले, या प्रश्नावरच्या शंभर तर्कांपेक्षा हा ढिगारा जास्त बोलतो.

पुढे 134 खांबांचा सभामंडप. मधल्या दोन रांगांतले 12 खांब सुमारे 21 मीटर उंच, बाकीचे 122 सुमारे 15 मीटर. उंचीतल्या या फरकातून मधल्या भागाला वरच्या बाजूला दगडी जाळ्यांच्या खिडक्या मिळाल्या आणि उजेड आला. उत्तरेकडचा भाग सेती पहिल्याचा. तिथलं कोरीव काम उठावाचं, म्हणजे आकृतीभोवतीचा दगड तासून आकृती वर आणलेली. दक्षिणेचा भाग त्याच्या मुलाचा, रामसेस दुसऱ्याचा, आणि तिथं बरंचसं काम खोलगट आहे. खोलगट काम लवकर होतं. शिवाय कडक उन्हात ते जास्त ठळक दिसतं, कारण सावली खाचेत पडते. म्हणूनच बाहेरच्या भिंतींवर सगळीकडे खोलगट काम असतं. मात्र दुपारी बाराला दोन्ही सपाट दिसतात. उठावाचं काम बघायचं तर सकाळी दार उघडताच किंवा शेवटच्या दीड तासात, तिरप्या उन्हात. आत अंधार असेल तिथं लहान टॉर्च भिंतीवर सरळ न मारता बाजूनं, भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा. पुसट झालेली आकृती उभी राहते.

आता खांबांच्या पायथ्याशी या. 3 ऑक्टोबर 1899 रोजी या मंडपातले 11 खांब कोसळले. वर्षानुवर्षं पुराचं पाणी पायाशी भिजत आणि वाळत राहिलं होतं, आणि क्षारांनी खालचा दगड आतून भुगा केला होता.

वालुकाश्म पाणी वर शोषतो, वात तेल शोषते तसं. ते पाणी जमिनीपासून मीटर-दोन मीटरवर पृष्ठभागाशी येतं आणि वाळतं. त्यात विरघळलेलं मीठ मागे राहतं, दगडाच्या छिद्रात त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे होतात. पांढरी भुकटी आणि सोललेला पृष्ठभाग ज्या उंचीवर दिसेल, ती पाण्याची आजची रेघ. पूर्वी पूर वर्षातून एकदा यायचा आणि गेल्यावर जमीन निचरायची. आस्वानचं मोठं धरण 1970 मध्ये पुरं झालं, पूर थांबला, शेतीला बारमाही पाणी मिळालं. त्याबरोबर भूजलही बारा महिने वर राहू लागलं. पूर बंद झाल्यावर देवळं सुकतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. जुन्या दुरुस्त्यांतलं सिमेंटही अंगाशी आलं. सिमेंट पाणी बाहेर पडू देत नाही, मग ओल आणखी वर चढते आणि वरचं कोरीव काम खाते. कर्नाक आणि लक्सर दोन्हींभोवती आता जमिनीखाली निचऱ्याची व्यवस्था करून भूजल खाली नेलं आहे.

[दृश्य : पश्चिम तीर. राजांची दरी.]

पश्चिम तीरावर राजांच्या दरीत, जिथं फेरोंची थडगी डोंगरात खोदली आहेत तिथं, पाण्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. इथं पाऊस क्वचित पडतो, पण पडला की उघड्या डोंगरावरून थेट दरीत उतरतो. रामसेस दुसऱ्याचं थडगं अशाच लोंढ्यांनी आणलेल्या दगडमातीनं भरलं. या दरीत चुनखडीच्या खाली शेलचा, म्हणजे चिखलाच्या मऊ दगडाचा, थर आहे. खोल खोदलेली थडगी त्यात शिरली, आणि शेल ओला झाला की फुगतो, खांब आणि छत तडकवतो. उलट तूतनखामुनचं थडगं दरीच्या तळाशी असूनही वाचलं, कारण शेजारच्या खोदकामाचा राडारोडा आणि मजुरांच्या झोपड्या त्याच्या तोंडावर येऊन बसल्या. 4 नोव्हेंबर 1922 पर्यंत कुणाला पायरी दिसली नाही.

दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तूतनखामुन, सेती पहिला, रामसेस सहावा यांची तिकिटं वेगळी. पैसे मोजायचेच असतील तर सेतीसाठी मोजा. तूतनखामुनचं थडगं लहान आहे आणि त्यातला खजिना आता कैरोजवळ गिझाला आहे. कोणती थडगी उघडी ठेवायची हे फिरतं असतं, कारण माणसांच्या श्वासातली आणि घामातली ओल रंगांना सोसत नाही. भिंतीला हात लावू नका, पाठीवरची सॅक पुढे घ्या. अरुंद उतारात वळताना तीच घासते. तिकीट खिडक्यांवर बहुतेक ठिकाणी कार्डच चालतं. बोटवाला, टांगेवाला, स्वच्छतागृह यांच्यासाठी मात्र सुट्या नोटा हव्यात.

[दृश्य : एस्ना. बाजारातून खाली खड्ड्यात दिसणारं देऊळ.]

एस्नाला देऊळ खड्ड्यात आहे. रस्ता वर आणि ख्नूम देवाचा मंडप सुमारे नऊ मीटर खाली. वर आज जिथं कपड्यांची दुकानं आहेत, ती नऊ मीटर माती म्हणजे गावाचं वय. उरलाय फक्त मंडप. 24 खांब आणि त्यावर नाना तऱ्हेच्या पानाफुलांचे माथे. शतकानुशतकांची काजळी, धूळ आणि पाखरांची विष्ठा यांखाली छत काळं झालं होतं. 2018 पासून तो थर हलक्या हातानं काढायला घेतला आणि खालून निळा, पिवळा, तांबडा रंग जसाच्या तसा निघाला. नवीन रंग भरलेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

एस्नालाच बंधारा आहे आणि बोटींना त्याच्या लॉकमधून जावं लागतं. लॉकच्या कोठीत बोट घेतात, दारं लावतात, पाणी भरतात किंवा सोडतात आणि बोट पलीकडच्या पातळीला आणतात. एका वेळी मोजक्याच बोटी मावतात, म्हणून रांग लागते. त्या रांगेत छोट्या होड्यांतले विक्रेते डेकवर थेट कपड्यांच्या पिशव्या फेकतात. पसंत पडलं तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर माल परत. नेम बघण्यासारखा असतो.

[दृश्य : एडफू. पहाटेचा टांग्यांचा गोंधळ, मग पायलॉन.]

लॉकमधून सुटलेल्या बोटी एकापाठोपाठ एडफूला लागतात आणि शेकडो माणसं एकदम देवळात शिरतात. मुक्काम तुमच्या हातात असेल तर दुपारनंतर जा.

ससाण्याच्या रूपातल्या होरस देवाचं हे देऊळ इ.स.पू. 237 मध्ये ग्रीक वंशाच्या टॉलेमी तिसऱ्या राजानं सुरू केलं आणि इ.स.पू. 57 मध्ये पुरं झालं. एकशेऐंशी वर्षं. पायलॉन 36 मीटर. इजिप्शियन देऊळ कसं चालायचं हे समजायला याहून चांगली जागा नाही, कारण छप्परही शाबूत आहे. दारापासून गाभाऱ्याकडे चालताना फरशी किंचित वर चढत जाते, छत खाली उतरतं, उजेड कमी होतो. आपल्याकडच्या गाभाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे पायांनाच कळतं. फरक एवढाच, की इथं सामान्य भक्ताला बाहेरच्या अंगणापलीकडे वाट नव्हती.

हे देऊळ वाचलं तेही पुरलं गेल्यामुळे. 1860 च्या दशकात फ्रेंच उत्खननकार ऑगस्त मारिएतनं ते मोकळं केलं, तेव्हा छतावर घरं होती.

एडफूच्या पुढे सिलसिला नावाची जुनी दगडाची खाण. नदी अरुंद होते आणि दोन्ही काठांना कापलेल्या डोंगराच्या भिंती दिसतात. देवळांचा वालुकाश्म मोठ्या प्रमाणावर इथूनच गेला. मोठ्या बोटी थांबत नाहीत. शिडाच्या लहान दहाबियांतून आलात तरच उतरता येतं.

कोम ओम्बोला बोट देवळाच्या पायाशीच लागते. एका अक्षावर नव्हे, दोन अक्षांवर बांधलेलं हे देऊळ. एक दार मगरमुखी सोबेकचं, दुसरं थोरल्या होरसचं, गाभारेही दोन. नदीच्या वळणावर असल्यामुळे पुढचा बराच भाग नाईलनं नेला. आवारातली गोल विहीर चुकवू नका. तो नाईलमापक आहे. विहिरीतलं पाणी नदीबरोबर चढायचं आणि त्यावरून पीक किती आणि कर किती याचा अंदाज बांधायचे. रोमन लेखक प्लिनीनं हिशेब लिहून ठेवलाय : बारा हात पाणी म्हणजे उपासमार, सोळा हात म्हणजे आनंदीआनंद. त्याच्यावर गेलं की पुन्हा संकट.

[दृश्य : आस्वान. ग्रॅनाइटची खाण.]

आस्वानच्या खाणीत एक ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच टोकदार स्तंभ, आडवा पडलाय. सुमारे 42 मीटर, उभा राहिला असता तर हजार टनांच्या वर. तळाशी तो अजून डोंगरालाच जोडलेला आहे. तो छिन्नीनं कापलेला नाही. डोलेराइट या कठीण दगडाचे गोल धोंडे हातात धरून ग्रॅनाइट कुटत कुटत भोवती चर पाडले. चरातले वाटीसारखे खळगे म्हणजे एकेका मजुराची जागा. काम करता करता दगडात भेगा निघाल्या. लहान ओबेलिस्क काढता येतो का, याच्या रेघाही आखून बघितल्या होत्या. मग सोडून दिला.

[दृश्य : फिले. पायलॉनवरचा मळकट पट्टा.]

फिलेचं देऊळ बेटावर आहे, तिथं होडीनं जावं लागतं. चढण्याआधी येण्याजाण्याचं आणि थांबण्याचं मिळून भाडं ठरवा. नाही तर परतीच्या वेळी नवीन आकडा ऐकाल.

1902 मध्ये आस्वानचं जुनं धरण झालं आणि त्याची उंची पुढे दोनदा वाढवली. फिलेचं इसिस देवीचं देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागलं. प्रवासी खांबांमधून होड्या वल्हवायचे. उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणारं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल. भिंतींवरचे रंग पाण्यानं धुऊन नेले. पायलॉनवर आडवा पट्टा दिसतो, ती त्या पाण्याची रेघ.

मोठ्या धरणानंतर पाणी रोज चढउतार करू लागलं. तेव्हा बेटाभोवती लोखंडी पत्र्यांची दुहेरी भिंत ठोकून मध्ये वाळू भरली, आतलं पाणी उपसलं आणि चाळीस हजारांवर दगड क्रमांक घालून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेले. 1972 ते 1980. गोव्यात साळावली धरणाच्या वेळी कुर्डीचं महादेव मंदिर असंच दगड न् दगड सुटा करून हलवलं होतं, फक्त प्रमाण लहान. फिलेला रोमन सम्राट हेड्रियनच्या दारावर एक छोटा लेख आहे, 24 ऑगस्ट 394 चा. तारीख माहीत असलेल्या चित्रलिपीच्या लेखांतला हा सगळ्यांत शेवटचा.

[दृश्य : पहाट. वाळवंटातला रस्ता. मग अबू सिंबेल.]

अबू सिंबेल आस्वानपासून सुमारे 280 किलोमीटर. गाड्या पहाटे चार-साडेचारला निघतात, म्हणून आठ-नऊच्या सुमारास सगळे एकत्र पोचतात. तिथं एक रात्र राहिलात तर संध्याकाळी देऊळ जवळजवळ रिकामं मिळतं.

हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगरात कोरलेलं आहे, त्यामुळे दगड सुटे करायचा प्रश्नच नव्हता. मोठ्या धरणाच्या तलावात ते बुडणार होतं, म्हणून 1964 ते 1968 या काळात ते कापून वर हलवलं. आधी तलावाच्या बाजूला बांध घातला. वरचा डोंगर काढताना दगड पडून चेहरे फुटू नयेत म्हणून दर्शनी भाग वाळूत पुरला. ठिसूळ दगडात राळ भरली आणि उचलण्यासाठी पोलादी गज रोवले. दर्शनी भागावरचे काप हातकरवतीनं, शक्य तितके बारीक. हजारावर तुकडे, कित्येक 20 ते 30 टनांचे, सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन जुळवले. मागचा डोंगर खोटा आहे. आत काँक्रीटचा घुमट आहे आणि वर दगडमातीचं आवरण. दिशा इतकी नेमकी राखली की 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरच्या सुमारास उगवतीचा किरण आजही गाभाऱ्यापर्यंत जातो. चार मूर्तींतल्या प्ताहवर मात्र प्रकाश पडत नाही. तो अंधारातला देव.

दाराशी रामसेसच्या चार मूर्ती, प्रत्येकी सुमारे 20 मीटर. त्यांतल्या एकीचं डोकं आणि धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलं होतं. देऊळ हलवताना ते वर चढवून बसवता आलं असतं. तसं केलं नाही. पडलेले तुकडेही मोजून उचलले, 65 मीटर वर नेले आणि मूर्तीच्या पायाशी, जसे पडले होते तसेच, पुन्हा पाडून ठेवले.