जुन्या .32 पिस्तुलात राउंड अडकतोय? आधी मॅगझिन बघा

नमस्कार मंडळी! सोलापूरहून बोलतोय. मी परवानाधारक दुकानात शस्त्रदुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे बार्शी, मोहोळ, पंढरपूर भागातून जुनी पॉकेट पिस्तुलं येतात. आधी आजोबांच्या परवान्यावर, मग वडिलांच्या, आता मुलाच्या. कुणाचं वेब्ली अँड स्कॉट, कुणाचं कोल्ट 1903, कुणाचं ब्राउनिंग 1910. सगळी .32 बोअर, म्हणजे नळीचं माप तेच. आणि तक्रार ठरलेली: "राउंड चढत नाही, मध्येच अडकतो." राउंड म्हणजे काडतूस.

बहुतेक वेळा पिस्तूल ठणठणीत असतं. दुखणं मॅगझिनचं, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीचं असतं. पण तोपर्यंत कुणीतरी पिस्तुलावर कानस चालवलेली असते, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

आज टेबलावर पिस्तूल नाही. फक्त मॅगझिन आणि डमी, म्हणजे दारू नसलेले, राउंड आहेत. तुम्ही घरी तपासणार असाल तर आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. हाच क्रम ठेवा. स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर चेंबरमध्ये एक राउंड राहतोच. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

राउंड चढतो कसा, ते बघू. मॅगझिनची स्प्रिंग राउंड वर ढकलते. वरच्या दोन वळलेल्या कडा, त्यांना आपण लिप्स म्हणतो, त्याला धरून ठेवतात. स्लाइड पुढे येताना राउंडच्या बुडाला वरच्या बाजूने ढकलते. गोळीचं टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर चढतं, राउंड सरळ होतो आणि आत जातो. जाता जाता बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे डागलेलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली सरकते. क्षणभराचं काम आहे, पण त्यात राउंड कुठल्या कोनात सुटायचा हे सगळं त्या दोन कडा ठरवतात.

आपल्या सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. मागावर धागा तुटायला लागला की जाणता जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर, आधी माग खोलत नाही, धोटा आणि कांडी बघतो. इथेही तसंच.

म्हणून अडकलं की लगेच झटापट करू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून आधी नीट बघा. गोळीचं टोक खाली रॅम्पला टेकून थांबलंय? मग स्प्रिंग मऊ झालीय, लिप्स पुढून दबल्यात, किंवा मॅगझिन पूर्ण वर बसलेलं नाही. टोक वर जाऊन चेंबरच्या वरच्या कडेला अडलंय? तर लिप्स फाकल्यात आणि राउंड लवकर सुटतोय. स्लाइड बंद झाली पण चेंबर रिकामं? राउंड वेळेत वर आलाच नाही, स्लाइड त्याच्यावरून निघून गेली. आणि रिकामी पुंगळी, म्हणजे डागलेल्या काडतुसाचं कवच, स्लाइडमध्ये उभी अडकली असेल, तर तो फीडिंगचा, म्हणजे राउंड चढण्याचा दोष नाही, पुंगळी बाहेर फेकण्याचा आहे. त्याचा इलाज वेगळा.

अडकलेला राउंड स्क्रूड्रायव्हरने टोचून काढू नका. मॅगझिन काढा, स्लाइड मागे धरा, तो बहुधा आपोआप पडतो. नाही पडला तर हात लावू नका, गन्समिथला बोलवा.

आता कितवा राउंड अडकतो ते लक्षात ठेवा. भरलेल्या मॅगझिनचा पहिलाच अडकत असेल, तर बॉडीला पोचा असतो किंवा फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगवरची पट्टी, घासत असते. शेवटचे एक-दोन अडकत असतील तर स्प्रिंग थकली. कुठलाही अडकत असेल तर लिप्सवर संशय घ्या. दोन मॅगझिन असतील तर मार्करने एक, दोन असे आकडे टाका. दोष एकाच मॅगझिनबरोबर फिरला, की पिस्तुलाची सुटका झाली.

(क्लोज-अप: मॅगझिनचं तोंड)

हे बघा. डावी लिप आतून चकचकीत आहे, उजवी जरा उघडी दिसतेय. हे मॅगझिन कुणाच्या तरी हातून फरशीवर, तोंडावर पडलंय. केसाइतका फरक आहे, पण राउंड इथून तिरका निघतो. पक्कडीने वाकवायचा मोह होईल, वाकवू नका. जुनं पोलाद एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवलं की चिरतं. आणि या पिस्तुलांचं मूळ मॅगझिन आता सहज मिळत नाही, मंडळी. ते जपा.

आणखी एक. कोल्ट 1903 आणि ब्राउनिंग 1910, दोन्हीत मॅगझिनची खिट्टी मुठीच्या तळाला, मागच्या बाजूला असते. ती झिजली की मॅगझिन किंचित खाली लटकतं. बुडाला अंगठ्याने वर दाबून बघा. हललं तर खिट्टी तपासून घ्या.

आता .32 ची खास भानगड. जॉन ब्राउनिंगने 1899 च्या सुमारास हे काडतूस आणलं, पण बुडाची कड अंगापेक्षा जराशी मोठी ठेवली. अंग साधारण 8.5 मिलिमीटर, कड 9.1. त्यामुळे वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोघे एकमेकांत अडकतात. मग स्लाइडने कितीही ढकललं तरी वरचा पुढे सरकत नाही. याला रिमलॉक म्हणतात. (दोन डमी एकमेकांवर धरून) असा बसला तर बरोबर, वरच्याची कड पुढे. असा बसला की अडकला. भरताना एकेक राउंड बघून भरा, घाईने कोंबू नका. काडतुसाची पूर्ण लांबी साधारण 25 मिलिमीटर आणि टोक गोल, त्यावरच ही पिस्तुलं बेतलेली आहेत. आखूड, खोलगट टोकाच्या गोळ्या घातल्या की मॅगझिनमध्ये पुढे जागा उरते, राउंड मागेपुढे हलतात आणि रिमलॉक वाढतो. गोल टोकाचीच वापरा.

आणि कृपा करून रिव्हॉल्व्हरचं .32 आणि पिस्तुलाचं .32 एक समजू नका. कानपूरच्या .32 रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आहे, जातच वेगळी. खरेदी करताना "7.65 पिस्तूल" असं स्पष्ट सांगा, पिस्तुलाच्या .32 चंच हे मिलिमीटरमधलं नाव.

आता तेल. कित्येक घरांत हत्याराला खोबरेल लावायची पद्धत आहे. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, आणि सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. उन्हाळ्यात ते पातळ होऊन धूळ धरतं, मग चिकट थर बसतो. स्लाइड शेवटचा थोडासा भाग बंद होता होता थांबते, ती बरेचदा यामुळेच. मॅगझिन आतून कोरड्या फडक्याने पुसा, तेल अगदी नावापुरतं. जास्त तेल काडतुसाच्या प्रायमरपर्यंत, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत गेलं तर बार फुसका जाऊ शकतो. निवडणुकीत जमा केलेलं हत्यार परत आलं की आधी मॅगझिन साफ करा. महिनोन्‌महिने पडून त्यात धूळ आणि गंज दोन्ही आलेले असतात.

रॅम्पबद्दल मात्र ठाम सांगतो. पॉलिश पेपर, कानस, ड्रिल मशीनचं ब्रश, काहीही लावू नका. रॅम्पचा कोन बदलला किंवा चेंबरच्या तोंडाचा आधार कमी झाला, तर पुंगळी मागून फुटू शकते, आणि घासलेलं पोलाद परत भरता येत नाही. नुसती घाण असेल तर नायलॉनचं ब्रश आणि सॉल्व्हंट पुरे. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग, आणि एक्स्ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडेच तपासा.

दुरुस्ती म्हणजे परवानाधारकाकडूनच. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 तेच सांगतं. ओळखीच्या लेथवाल्याकडे देऊ नका. तो कितीही हुशार असला तरी त्याचंही नुकसान, तुमचंही. परवाना सोबत आणा, दोन्ही मॅगझिन आणा. आणि हत्यार वारशाने आलंय पण परवाना अजून नावावर नसेल, तर दुरुस्तीचं नंतर बघू. आधी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग अर्ज. शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.

दुरुस्तीनंतर चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच राउंड भरा. एकदा ट्रिगर दाबल्यावर दोन्ही सुटले, तर तिथेच थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि सरळ परत आणायचं. दोन व्यवस्थित गेले, की पुन्हा दोन. मग चार, मग पूर्ण मॅगझिन, आणि दोन्ही मॅगझिन वेगवेगळी तपासा.