काठावरची मुलं: अमेरिकी राज्यं शाळांना जाब कसा विचारतात

[दृश्य: उत्तरपत्रिका वाचणारं यंत्र. पेन्सिलीने भरलेले गोल एकामागून एक सरकतात.]

जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात सरकारी तपास अधिकारी खोडरबराच्या खुणा मोजत होते. परीक्षा 2009 सालची. मुलानं उत्तर खोडून दुसरं भरणं यात नवल काही नाही. पण अख्ख्या वर्गाच्या पेपरांत चुकीचं खोडून बरोबर, पुन्हा चुकीचं खोडून बरोबर, असं ओळीनं दिसायला लागलं, की मुलांनी हे केलं नसणार हे कळतं. जुलै 2011 मध्ये अहवाल आला. त्यात 44 शाळा होत्या आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापक होते. एका शाळेतल्या शिक्षकांनी तर सुट्टीत सहकाऱ्याच्या घरी बसून उत्तरं बदलली होती. 2015 मध्ये त्यांतल्या 11 जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं, तेही संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखाली.

लबाड माणसं, असं म्हणून विषय संपवता येतो. पण त्या निकालावर शाळेचं नाव, बोनस आणि मुख्याध्यापकाची खुर्ची अवलंबून होती. हे सगळं एका परीक्षेला बांधलं कुणी?

[दृश्य: केंटकीची डोंगराळ गावं, जुन्या शाळेची इमारत.]

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. शाळा हा राज्यांचा विषय. त्यामुळे या गोष्टीची सुरुवात वॉशिंग्टनमध्ये होत नाही, राज्यांच्या राजधान्यांत होते. 1989 मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याची संपूर्ण शाळा-व्यवस्थाच राज्याच्या स्वतःच्या घटनेविरुद्ध ठरवली. खटला भरला होता गरीब भागातल्या शाळांनी, तक्रार होती निधीतल्या तफावतीची. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं नवा कायदा केला. शाळांना पैसे मिळतील, पण त्या बदल्यात निकाल दाखवावे लागतील. सुधारणाऱ्या शाळांना रोख बक्षीस, घसरणाऱ्यांवर देखरेख. पैशाच्या मागणीतून हिशेब मागण्याचा कायदा जन्मला, हे आज बहुतेकांच्या लक्षातही नसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 1993 साली जवळजवळ असाच सौदा झाला.

त्याच वर्षी टेक्ससनं शाळांना चाचण्यांच्या निकालावरून दर्जा द्यायला सुरुवात केली. फ्लोरिडानं 1999 मध्ये तो दर्जा अगदी सोपा करून टाकला: शाळेला ‘ए’ ते ‘एफ’ अशी एकच श्रेणी. पालकाला एका नजरेत कळतं, वर्तमानपत्राला मथळा मिळतो, घर विकणारा दलाल तेच अक्षर जाहिरातीत टाकतो. शाळेत नेमकं काय शिकवतात, हे मात्र त्या अक्षरावरून कळत नाही. चार वर्षांत दोनदा ‘एफ’ मिळाला, तर तिथल्या मुलांना खासगी शाळेसाठी सरकारी पैसा मिळायचा. 2006 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद रद्द केली. श्रेणी मात्र टिकली आणि इतर राज्यांत पसरली.

[दृश्य: 8 जानेवारी 2002, कायद्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष बुश.]

मग टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले आणि केंद्राच्या 2002 च्या कायद्यानं राज्यांतला प्रयोग देशभर लागू झाला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी. 2014 पर्यंत देशातलं प्रत्येक मूल ‘प्रवीण’ झालं पाहिजे. प्रवीण म्हणजे किती, हे ठरवायचं मात्र प्रत्येक राज्यानं. काही राज्यांनी मुलांना वर आणण्याऐवजी रेषाच खाली घेतली.

या कायद्याला एका गोष्टीचं श्रेय द्यायलाच हवं. तोवर शाळेची सरासरी चांगली असली की झालं. आता कृष्णवर्णीय मुलं, अपंग मुलं, इंग्रजी नव्यानं शिकणारी मुलं, गरीब घरांतली मुलं, प्रत्येक गटाचा निकाल वेगळा छापावा लागला. चांगल्या नावाच्या अनेक शाळांची पंचाईत झाली.

पण रेषा आली की काठ येतो. समजा, चाळीसला प्रवीण धरलं. अडतीसवाल्या मुलाला दोन गुण मिळवून दिले, तर शाळेचा आकडा वाढतो. बारा गुणांच्या मुलाला पंचवीसवर नेलं, तर शिक्षकाचं कष्ट दुप्पट आणि शाळेच्या खात्यात शून्य. पंचाण्णववाल्याकडे कुणी पाहिलं नाही, तरी काही बिघडत नाही. शिकवणीचे जादा तास कुणाच्या वाट्याला येणार, हे यातच ठरून जातं.

टेनेसीनं यावर 1992 मध्येच एक उपाय कायद्यात घातला होता. विल्यम सँडर्स हे तिथल्या विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ, काम मुळात शेतीशी संबंधित. मूल कुठे पोचलं यापेक्षा गेल्या वर्षापासून किती पुढे गेलं हे मोजा, असं त्यांचं म्हणणं. कल्पना न्याय्य वाटते. अडचण अशी, की ते गणित शिक्षकालाही समजत नाही. ज्या आकड्यावरून आपल्याला जाब विचारला जातो, तो कसा आला हेच कळत नसेल, तर माणूस सुधारणार काय?

[दृश्य: मिसिसिपी. तिसरीचा वर्ग, मुलं मोठ्यानं वाचताहेत.]

मिसिसिपीचा 2013 चा कायदा वरवर सगळ्यांत कठोर: तिसरीच्या अखेरीस वाचता येत नसेल, तर चौथीत बढती नाही. बातम्यांत एवढंच येतं. पण कायद्याचं बाकीचं अंग जास्त महत्त्वाचं आहे. वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण शिक्षकांना मिळालं, मागे पडलेल्या शाळांत राज्याच्या पगारावरचे वाचन-मार्गदर्शक पाठवले गेले, आणि कोण मागे पडतंय हे लवकर ओळखणाऱ्या चाळणी चाचण्या बालवाडीपासूनच सुरू झाल्या. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत हे राज्य 2013 मध्ये 49 वं होतं, 2024 मध्ये नववं. मागे ठेवलेल्या मुलांमुळे चौथीचा निकाल फुगतो, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच फेटाळण्यासारखा नाही. तरीही माझ्या मते इथं खरा फरक पाडला तो माणसं पाठवण्यानं.

टेक्ससनं दुसरा रस्ता धरला. तिथल्या 2015 च्या कायद्यानुसार एकही शाळा सलग पाच वर्षं नापास ठरली, तर राज्यानं ती बंद करायची किंवा त्या भागाचं संपूर्ण निवडून आलेलं शाळा मंडळ बाजूला करायचं. ह्यूस्टनमध्ये हे निमित्त ठरली व्हीटली हायस्कूल ही एकच शाळा. जून 2023 मध्ये राज्यानं नेमलेलं मंडळ आलं, आणि जवळपास 1,90,000 विद्यार्थ्यांच्या शाळा मतदारांच्या हातून गेल्या.

[दृश्य: मतदान केंद्र, मॅसॅच्युसेट्स, नोव्हेंबर 2024.]

केंद्राचा 2002 चा कायदा 2015 मध्ये बदलला. चाचण्या राहिल्या, शिक्षा काय करायची हे बरंचसं पुन्हा राज्यांवर सोपवलं गेलं. आता सर्वांत तळाच्या 5 टक्के शाळा राज्यांनी हेरायच्या, आणि गुणांखेरीज आणखी एक निकष धरायचा. बहुतेक राज्यांनी मुलांची गैरहजेरी निवडली.

आणि मॅसॅच्युसेट्स? 1993 च्या सौद्याचं हे राज्य. तिथं दहावीत होणारी राज्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळेचा डिप्लोमा मिळत नसे. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी ही अट काढून टाकली. बाजूनं सुमारे 59 टक्के मतं पडली. चाचणी अजून होते, निकालही लागतो. डिप्लोमासाठी पुरेसं कुणाला येतं, हे मात्र आता प्रत्येक स्थानिक शाळा प्रशासन आपापलं ठरवतं, आणि सगळीकडे एकच पातळी कशी ठेवायची यावर तिथं पुन्हा वाद सुरू झाला आहे.