टाका सैल पडला की

(दृश्य: सकाळ. माडांखाली आडवी टेकवलेली होडी. लाकडावर मोगरीचे ठोके.)

पेडण्याच्या किनाऱ्यावर ही होडी उसवून ठेवलीय. उसवून, हाच शब्द. कारण ती शिवलेली आहे. तळापासून काठापर्यंत फळीला फळी बांधून ठेवलीय ती काथ्याच्या सुंभाने. खिळा एकही नाही.

गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. मेस्तकाका होडीच्या आत बसलेत, पुतण्या बाहेर. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सामत्याने पाडलेल्या भोकातून काका सुंभाचं टोक बाहेर सारतात. पुतण्या ते हाताला गुंडाळतो, फळीला पाय लावतो आणि मागे रेलतो. आतून काका टाक्यावर मोगरी हाणतात. ताण टिकावा म्हणून भोकात लगेच लाकडी खुंटी. पुढचा टाका आवळला की ती काढायची, एक भोक पुढे जायचं. मग काका टाक्यावर टिचकी मारून कान देतात. आवाज बद्द आला तर टाका पुन्हा सोडायचा. सकाळपासून दोनदा सोडलाय. पुतण्या काही बोलत नाही, पण चेहरा बोलतो.

(दृश्य: सांध्यावरची काथ्याची गादी, अगदी जवळून.)

“काका, एवढी भोकं पाडलीत. पाणी नाही शिरणार?”

“उदकाक वाट दाखोवची पडना,” काका म्हणतात. पाण्याला वाट दाखवावी लागत नाही, ते शोधतंच. म्हणून सांध्यावर आतून काथ्याची जाड गादी ठेवायची आणि टाके तिच्यावरून घ्यायचे. टाका आवळला की गादी सांध्यात दबते. उरलेली भोकं काथ्या आणि राळेने बुजवायची. शेवटी सगळ्या अंगाला माशाचं तेल. वास येतो. कॅमेऱ्यात येत नाही, हे तुमचं नशीब.

इथे आधी फळ्या शिवून होडीचं कवच उभं राहतं, आतल्या बरगड्या नंतर बसतात. आराखड्याचा कागद नाही. फळी ओली करायची, विस्तवावर शेकायची, नरम पडली की वाकवायची. किती वाकवायची, ते काकांच्या डोळ्यात.

पण शिवायची कशाला? लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, हे एक. खरं कारण लाटेत आहे. रांपणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी बंदरात लागत नाही, ती सरळ वाळूवर येऊन आदळते. खिळ्यांनी जखडलेली होडी ताठ राहते आणि मार लाकडाला बसतो. शिवलेली होडी अंग चोरते, जराशी हलते, पुन्हा जागेवर येते.

सुंभही काही दुकानातली दोरी नव्हे. नारळाची सोडणं महिनोन्‌महिने खाऱ्या चिखलात कुजवायची, मग बडवायची, तंतू सुटे करून वळायचे. काथ्याला खारं पाणी मानवतं, गोडं मानवत नाही. गंमत बघा, समुद्रात जन्म काढणाऱ्या होडीला भीती पावसाची! म्हणून जूनच्या आधी ती वर ओढून माडाच्या चुडतांच्या खोपीत ठेवायची.

(दृश्य: दुपार. होडीपलीकडे ओळीने फायबरच्या बोटी.)

एकेकाळी गोव्याच्या किनाऱ्यावर रांपणीसाठी अख्खा वाडा जाळं ओढायला उतरायचा. मग ट्रॉलर आले. १९७०च्या दशकात माथानी साल्ढाणांसारख्यांच्या पुढाकाराने रांपणकार रस्त्यावर उतरले. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्यानंतर फायबर आलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फायबर उसवत नाही, मेस्ताची वाट बघायला लावत नाही. मच्छीमाराचं गणित बरोबरच आहे. तोट्यात गेला तो मेस्त.

आणि याच गोव्यात, दिवाडी बेटावर, नौदलासाठी एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. आयएनएसव्ही कौंडिण्य. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून. कणा बसवला सप्टेंबर २०२३ मध्ये, नौदलात दाखल झालं २१ मे २०२५ला, कारवारला. त्याच डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून मस्कतला निघालं आणि पोहोचलंही. अभिमान वाटावा असंच आहे. फक्त एक गोष्ट टोचते. ते शिवणारे कारागीर केरळातून आले होते.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “शिवली मगो? बरें जालें.” आणि पुढच्या भोकात सुंभ सारला.

(दृश्य: संध्याकाळ. धूर.)

उसवलेला जुना सुंभ पुतण्याने डासांसाठी पेटवला. जळून राख झाली, पीळ राखेतही तसाच दिसत होता. म्हण आम्ही डोळ्यांनी तपासली.

(दृश्य: चार दिवसांनंतर. भरती. आठ-दहा जण होडी पाण्यात लोटतात.)

होडी गळतेय. काकांना चिंता नाही. दोन दिवस पाण्यात राहिली की फळ्या फुगतील, सांधे आपोआप बंद होतील. तोवर पाणी उपसायचं. पुतण्या करवंटी घेऊन आत बसलाय. मधेच मोबाईलवर वेळ बघतो. सात वाजता त्याची हॉटेलात पाळी आहे.

काका काठावरून ओरडतात, “नाळीकडे बघ रे!”

तो उठून होडीच्या पुढच्या टोकाशी सरकतो, वाकून टाक्यावर टिचकी मारतो आणि कान देतो.