शोधणाऱ्याचे शब्द

[दृश्य : अंधारात फोनचा उजेड. शोधायच्या चौकटीत अक्षरं उमटतात, पुसली जातात, पुन्हा उमटतात.]

'सायकल चेन'... पुसलं. 'सायकलची चेन सारखी उतरते'... बोट थांबलं. मग आणखी एकच अक्षर. 'का'.

या माणसाचे हात ग्रीसने काळे झालेत. चेन चौथ्यांदा उतरलीय आणि त्याला आत्ता, या क्षणी उत्तर हवंय. ते उत्तर मी लिहून ठेवलं होतं. स्वतः चेन काढून, पुन्हा बसवून, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून. लेखाला नाव दिलं होतं 'थबकलेल्या चाकाची गोष्ट'. फार जीव होता माझा त्या नावावर. पण चेन उतरलेला माणूस 'थबकलेलं चाक' असं शोधत नाही. माझा लेख आणि तो माणूस, दोघंही एकाच जाळ्यावर होते आणि त्यांची गाठ पडत नव्हती.

ही गाठ घालून देण्याच्या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. एसईओ. हा शब्द ऐकला की लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या कपाळावर आठी पडते. हे मार्केटिंगवाल्यांचं काम, असं वाटतं. मी मात्र ते लेखनाचाच भाग मानते. समोरचा कुठल्या शब्दांत विचारतोय हे कान देऊन ऐकल्याशिवाय उत्तर तरी कसं लिहायचं?

[दृश्य : जाडजूड पुस्तक. शेवटच्या पानांवरची शब्दसूची. तिच्यावरून सरकणारं बोट.]

आपण शोधतो तेव्हा सर्च इंजिन सगळं वेब पालथं घालायला निघत नाही. ते आधीच घालून झालेलं असतं. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकचा माग काढत दुसऱ्या पानावर जातो, तिथून तिसऱ्या. वाटेत सापडलेल्या मजकुराची सूची तयार होते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच : 'चेन' हा शब्द कुठल्या कुठल्या पानावर आलाय. आपला प्रश्न येतो तेव्हा चाळली जाते ती ही सूची. तिच्यात आपलं पानच नसेल, तर बाकी सगळी मेहनत वाया.

पान सूचीत नसण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. त्या पानाकडे कुठूनच लिंक जात नाही. किंवा साइट तयार होत असताना कुणी 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान सूचीत घेऊ नका' अशी खूण, लावून ठेवलं आणि नंतर काढायचं राहून गेलं. किंवा रोबॉट्स डॉट टीएक्सटी या छोट्याशा फाइलमध्ये क्रॉलरला नको तिथे मज्जाव केलाय. १९९४ सालापासून चालत आलेली ही पद्धत आजही तितकीच कामाची आहे, आणि एका चुकीच्या ओळीने अख्खी साइट झाकून टाकण्याइतकी ताकद तिच्यात आहे. मजकूर फोटोत असेल किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर आपल्याला अक्षरं दिसतात, पण शोधण्याजोगा मजकूर सूचीच्या हाती लागेलच असं नाही.

आता सूचीत हजारो पानं आहेत. त्यातलं वर कुठलं आणायचं? इथे मला एका बाईंचं नाव घ्यायचंच आहे. कॅरन स्पार्क जोन्स. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ. १९७२ साली त्यांनी मांडलं, की जो शब्द सगळ्याच कागदांत सापडतो तो कागद ओळखायला फारसा उपयोगी नाही. जो मोजक्याच कागदांत सापडतो तो मोलाचा. वेब तेव्हा जन्मालाही यायचं होतं. पण शोधशास्त्राचा पाया म्हणून हा विचार टिकला, आणि लेखकासाठी तर तो सोन्यासारखा आहे. माझ्या लेखात 'यंत्रणा' होती, 'मागचा भाग' होता, 'बिघाड' होता. हे शब्द कुठल्याही दुरुस्तीच्या लेखात असतात. 'फ्रीव्हील' (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र), 'डिरेलर' (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग), 'दात झिजणे', हे नेमके शब्द मी भाषा सोपी राहावी म्हणून टाळले होते.

दुसरी मोठी कल्पना लिंकची. १९९६ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी 'बॅकरब' नावाच्या प्रकल्पावर काम करत होते. संशोधनपर निबंधाचं वजन त्याला किती जणांनी आधार म्हणून घेतलं यावरून जोखतात, तसं पानाचं वजन त्याच्याकडे येणाऱ्या लिंकवरून जोखायचं. आणि वजनदार पानाकडून आलेली लिंक जास्त धरायची. १९९८ मध्ये याच कामातून गूगल कंपनी उभी राहिली.

मग लिंक विकल्या जाऊ लागल्या. एकच कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, पन्नासदा कोंबलेली पानं आली, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्द आले. गूगलने २०११ मध्ये 'पांडा' आणि २०१२ मध्ये 'पेंग्विन' हे क्रमवारीतले बदल आणले ते अशाच पोकळ मजकुराला आणि बनावट लिंकना आळा घालायला. कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दिलेली कीवर्डची यादी, आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही, हे तर गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तरी आजही नव्या लेखकाला कुणीतरी सांगतं, कीवर्ड इतके टक्के आलाच पाहिजे. कृपा करून ते मोजत बसू नका. वाक्य कानाला खटकायला लागलं की शब्द जास्त झालेत असं समजा.

[दृश्य : स्क्रीन जवळून. जुनं शीर्षक निवडलं जातं. पुसलं जातं.]

मी लेख पुन्हा उघडला. शीर्षक : 'सायकलची चेन सारखी उतरते? कारणं आणि दुरुस्ती'. ते टंकताना जुनं नाव गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पानाचा पत्ता बदलला नाही. बदलायचाच असेल, तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्याकडे नेणारं रीडायरेक्ट हवंच. सुरुवातीला माझ्या पहिल्या सायकलची आठवण होती, दोन परिच्छेद. ती खाली नेली आणि वर तीन वाक्यांत उत्तर दिलं. उपशीर्षकं प्रश्नांची केली : 'चेन सैल झाली आहे का?' 'दात झिजलेत का?'

फोटोला कॅमेऱ्याने दिलेलं नाव होतं, अक्षरं आणि आकडे. पर्यायी मजकुराची जागा रिकामी. तिथे लिहिलं, 'झिजून टोकदार झालेले फ्रीव्हीलचे दात'. सर्च इंजिनला त्याचा उपयोग होतोच, पण ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर हेच वाक्य वाचून दाखवतो. ते त्याच्यासाठी लिहावं. फोटो भलते जड होते, ते हलके केले. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे कोडमध्ये दिलेल्या पानाच्या थोडक्यात वर्णनाने, क्रम वर जात नाही. मात्र निकालात शीर्षकाखाली ते दिसू शकतं, म्हणून दोन प्रामाणिक ओळी लिहिल्या.

निकालांची गुणवत्ता तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची एक मार्गदर्शिका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द वाढवला गेला : लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का? सर्च आता अनेकदा उत्तर वरच्या वर देऊन मोकळं होतं, अशा काळात तर हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

[दृश्य : सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी.]

काही आठवड्यांनी सर्च कन्सोल, हे साइट चालवणाऱ्यांसाठीचं गूगलचं साधन, उघडलं. लोकांनी काय टंकलं, आपलं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सगळं तिथे असतं. 'चेन सारखी उतरते' होतं. लोक येत होते. त्याखाली आणखी एक ओळ होती : 'गिअर बदलताना चेन स्पोकमध्ये अडकते'. पान पुष्कळदा दिसलेलं. क्लिक, शून्य. माझ्या लेखात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

[दृश्य : उलटी ठेवलेली सायकल. डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू.]

एकावर 'एच', दुसऱ्यावर 'एल'. एल लिहिलेला, चेनला स्पोककडे जाण्यापासून अडवणारा, पाव फेरा आत. पेडल फिरवायचं, गिअर सर्वांत मोठ्या चक्रावर आणायचा. चेन अजून पलीकडे झुकतेय. आणखी थोडासा फेरा. आता चढली, आणि तिथेच थांबली. कॅमेरा दुसऱ्या हातात. फोटो जरा हललाय, पुन्हा काढायला हवा.