सर्व्हर स्लो झालाय? आधी त्याला कोण काय विचारतंय ते मोजा

नमस्कार मंडळी!

ऑफिसात शेअर्ड फोल्डर उघडायला वेळ लागला की कोणीतरी म्हणतंच, "सर्व्हर बदलायला झालाय आता." थांबा. पैसे खर्च करण्याआधी माझ्याबरोबर जरा अमेरिकेत पिट्सबर्गला चला, १९८०च्या दशकात.

तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं आयबीएमबरोबर १९८२ साली एक प्रकल्प हाती घेतला, अँड्र्यू. विद्यार्थ्यानं कॅम्पसमधल्या कुठल्याही वर्कस्टेशनवर (म्हणजे टेबलावरच्या कॉम्प्युटरवर) बसावं आणि आपल्याच फायली समोर दिसाव्यात, ही कल्पना. तीही ५,००० वर्कस्टेशनांसाठी! फाइल सिस्टिमच्या कामात पुढे होते महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले.

त्यांची पहिली युक्ती चांगलीच होती. फाइल उघडली की ती अख्खी तुमच्या मशीनच्या डिस्कवर उतरायची. पुढचं वाचणं-लिहिणं तिथल्या तिथे. फाइल बंद केली आणि तिच्यात बदल झालेला असला, तरच ती सर्व्हरकडे परत जायची. म्हणजे सर्व्हरला आराम असायला हवा होता. पण एका सर्व्हरवर वीसेक मशीन आली की तो धापा टाकायला लागायचा.

मग त्यांनी मोजलं. सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी खरोखर फाइल मागणाऱ्या होत्या जेमतेम ४ टक्के, आणि फाइल परत ठेवणाऱ्या त्याहून कमी. दहातल्या जवळजवळ नऊ विनंत्या नुसत्या चौकशीच्या! "माझ्याकडची कॉपी अजून ताजी आहे ना?" "या फाइलची माहिती काय?" फाइल उघडली की विचार, परत उघडली की परत विचार. उत्तर बहुतेक वेळा तेच. सर्व्हर फायली देऊन दमला नव्हता, उत्तरं देऊन दमला होता. मला या सगळ्या गोष्टीत हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो.

उपाय बघा. सर्व्हरनं फाइल देतानाच शब्द द्यायचा, "ही बदलली तर मी कळवेन, तोवर विचारू नकोस." याला नाव दिलं कॉलबॅक. दुकानात रोज चकरा मारण्यापेक्षा "माल आला की फोन करतो" असं दुकानदारानंच सांगावं, तसं. अर्थात हे फुकट नाही. कोणाला काय शब्द दिलाय ते सर्व्हरला लक्षात ठेवावं लागतं, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की ती यादी जाते, मग मशीनना पुन्हा खात्री करून घ्यावी लागते.

बाकी दुरुस्त्याही केल्या. फोल्डरामागून फोल्डर उलगडत फाइलपर्यंत पोचायचं काम सर्व्हरकडून काढून मशीनकडे दिलं, दर मशीनमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) ठेवणंही बंद केलं. वीसवरून गाडी पन्नासेक मशीनपर्यंत गेली.

आज तुमच्या विंडोज शेअरमध्ये ऑपलॉक आणि लीज असतात, लिनक्स-युनिक्सवर फायली शेअर करणाऱ्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत डेलिगेशन असतं. सर्व्हरनं मशीनला दिलेले शब्दच हे. जात तीच. त्यामुळे कोणी सांगितलं म्हणून ऑपलॉक सरसकट बंद करून टाकू नका.

चौकशीचा खर्च किती, तो आत्ता बघू. एक जीबीची एकच फाइल गिगाबिट नेटवर्कवर (सेकंदाला १,००० मेगाबिट) साधारण दहा सेकंदांत जाते. आता तोच एक जीबी २०,००० छोट्या फायलींमध्ये धरा. दर फाइलमागे सवाल-जवाबाच्या पाच फेऱ्या, दर फेरीला अर्धा मिलिसेकंद. नुसत्या वाट बघण्यातच ५० सेकंद गेले! म्हणून जुनी कामं झिप करून हलवा.

आणि आता एका केबलची गोष्ट. एका ऑफिसात मी नवा सर्व्हर बसवला, आत एसएसडी, तरी एका मशीनवर कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. दोन दिवस मी सर्व्हरच्या सेटिंग चाळत बसलो. शेवटी स्विचकडे लक्ष गेलं, त्या पोर्टचा दिवा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा. केबलच्या जॅकच्या आत एक तपकिरी तार तुटलेली होती. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी) दोन पुरतात, म्हणून लिंक गुपचूप खाली आली होती. जॅक नव्यानं क्रिम्प केला (तारांवर दाबून बसवला) आणि वेग सेकंदाला १०० एमबीच्या वर गेला.

तुमच्या मशीनवर नेटवर्क ॲडॉप्टरचं स्टेटस उघडा आणि स्पीडसमोर काय लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका. १०० एमबीपीएस दिसलं तर आधी केबल बदलून बघा.