रिंगण, ढग आणि ऑटो आयएसओ

मंडळी, आषाढातल्या उजेडाचा भरवसा धरता येत नाही. रिंगण लागलंय, पताकावाले आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावून गेल्यात, लख्ख ऊन आहे, आणि माऊलींचा अश्व सुटतो तेव्हा नेमका ढग आडवा येतो. त्या दौडीत सेटिंग बदलायला सवडच मिळत नाही. म्हणून रिंगणाचे फोटो काढताना मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ लावा, म्हणजे शटर आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील असावा तो आकडा, कॅमेऱ्यावर सोडायचा, असं मी आग्रहाने सांगतो.

शटर किती हवं ते अश्वाचा वेग ठरवतो, ढग नाही. उडालेल्या टापा आणि माती स्पष्ट हवी असेल तर १/१००० सेकंदापेक्षा हळू शटर ठेवू नका. अ‍ॅपर्चर एफ ५.६ (लेन्सचं उघडं तोंड; आकडा लहान तितका उजेड जास्त). हे दोन्ही पक्के केले की उजेडाचा चढउतार आयएसओने सोसायचा. कडक उन्हात तो १२५ च्या आसपास राहतो, दाट ढगात हजारापर्यंत जातो, अंधारून आलं तर दोन हजारांवर. आजच्या कॅमेऱ्यांना हे सहज झेपतं. एफ ४ वर मात्र जपून. त्याच उन्हात त्याच शटरला आयएसओ साठ-पासष्ट लागतो, आणि बहुतेक कॅमेरे शंभराखाली जात नाहीत. मग फोटो ओव्हर होतो, धोतरं पांढरीफटक.

वारीत खरी गोम पांढऱ्या रंगाची आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. फ्रेमभर टोप्या आणि सदरे आले की त्याला उजेड जास्त वाटतो, तो आयएसओ उतरवतो आणि वारकरी मळकट दिसतात. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) +१ करायलाच हवं. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना ही सोयच नसते; निघण्याआधी घरीच तपासा.

याच कारणाने ऑटो आयएसओ सरसकट वापरायला माझा विरोध आहे. उजेड तोच, पण कॅमेरा गर्दीवरून काळ्याभोर नांगरटीकडे वळवला की आकडा उडी मारतो. आभाळ एकसारखं भरून राहिलं असेल तर आयएसओही हाताने पक्का करा. रात्री मंडपातल्या कीर्तनालाही तेच: बल्ब फ्रेममध्ये आला की मीटर फसतो आणि बुवांचा चेहरा काळा पडतो.

आयएसओची कमाल मर्यादा ६४०० तरी ठेवा. नॉईज (जास्त आयएसओने येणारे दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला अश्व नाही.

आणि अश्व सुटण्याआधी टाळकऱ्यांच्या दोन-चार फ्रेम घेऊन बघा. हायलाइट अलर्ट चालू ठेवा; फोटोतला पांढराफटक झालेला भाग तो स्क्रीनवर लुकलुकवून दाखवतो. टोप्या लुकलुकायला लागल्या तर +१ वरून +०.७ वर या.